कलम आहे, दंड आहे. यंत्र मात्र भलतेच मोजते

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा चर्चा रंगली ती हेल्मेट, सीटबेल्ट आणि मद्यपान करून गाडी हाकणाऱ्यांच्या वाढीव दंडाची. त्याच दुरुस्तीने कायद्यातील '१८२ अ' हे कलम नव्याने लिहिले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या कलमाचे चौथे पोटकलम सरळ गाडीच्या मालकाला उद्देशून आहे. कायद्याने वा नियमांनी ज्याला मुभा नाही असा बदल जो मालक आपल्या वाहनात करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा. गाडीच्या धुरातील विषारी घटक अडवणारी यंत्रणा काढून टाकणे हा असाच एक बदल. तरीही डिझेल मोटारीतून ही यंत्रणा काढून घेणारा मालक आणि ती काढून देणारा कारागीर, दोघेही निर्धास्त असतात. त्यांची ही निर्धास्ती कायद्याच्या अज्ञानातून आलेली आहे असे मानणे भोळेपणाचे ठरेल. आपण पकडले जाण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

काढले काय जाते, ते आधी पाहू. पेट्रोल गाडीत मुख्य यंत्रणा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेला असतो आणि त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. डिझेल गाडीचा संसार याहून मोठा. तिथे काजळी अडवणारी गाळणी असते, जिला गॅरेजमध्ये सगळे डीपीएफ म्हणतात. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो. ट्रक, बस आणि काही मोठ्या मोटारींत त्याच कामासाठी युरियाचे द्रावण धुरात फवारणारी यंत्रणाही असते. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, तेव्हा डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागे काजळीकणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडांची २५० वरून ८० मिलिग्रॅमवर. एवढी मोठी उडी केवळ इंजिन सुधारून मारता आली नसती. ती या गाळण्यांच्या आणि द्रावणांच्या बळावर मारली गेली. म्हणजे गाळणी काढली की कागदावर 'भारत स्टेज ६' असलेली गाडी रस्त्यावर एक-दोन पिढ्या मागे जाते.

मालक ही यंत्रणा का काढतो? हौशी, ताकद वाढवण्याच्या नादाला लागलेले तरुण सर्वांच्या नजरेत भरतात, म्हणून सारा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे असते. पण डिझेल गाड्यांच्या बाबतीत कारण बहुधा अधिक रूक्ष असते. डीपीएफमध्ये साचलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास न्यावे लागते. ते साधते ते लांब पल्ल्याच्या, सलग, बऱ्यापैकी वेगाच्या प्रवासात. आपल्या राज्याचा भूगोल पाहा. पणजी ते म्हापसा तेरा-चौदा किलोमीटर. तेवढ्यात गाडी पुरती तापतेही न तापते तोच उतरण्याचे ठिकाण येते. घरून कचेरी, कचेरीतून बाजार, मुलांची शाळा असा दिवस घालवणाऱ्या डिझेल गाडीची गाळणी तुंबली नाही तरच नवल. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडीचा जोर उतरतो, आणि सर्व्हिस सेंटरमधून गाळणी बदलण्याचे पाच किंवा सहा आकडी बिल समोर येते. त्याच वेळी कोपऱ्यावरचा जाणता मेकॅनिक सांगतो की गाळणी आतून पोकळ करू, संगणकाचा प्रोग्राम बदलू, दिवा पुन्हा लागणार नाही, आणि खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. विकताना शोरूममध्ये 'तुमचा रोजचा प्रवास किती?' हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. ज्याला छोट्या अंतरासाठी गाडी हवी होती, त्याला डिझेल गाडी विकली गेली, आणि तिचे दुखणे मात्र त्याच्या गळ्यात पडले. या मालकाविषयी थोडी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच्या खर्चाची बचत दुसऱ्याच्या फुप्फुसावर होत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण इथले तपशील फार बोलके आहेत. मूळ तरतूद १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ची. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेली वैशिष्ट्ये यांत तफावत पडेल असा बदल कोणत्याही मालकाने करू नये, असे ते सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला सारला. त्या निकालानंतर देशभर रुंद टायर, बदललेले सायलेन्सर, वाढवलेली उंची यांवर कारवाईची लाट आली. बदल कशाला म्हणायचे, हेही कलम ५२ च्या स्पष्टीकरणात दिले आहे: वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्यामुळे त्याच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल होतो. बचावाचा वकील नेमका इथेच बोट ठेवील. पत्र्याच्या डब्यातली एक गाळणी पोकळ केली. गाडीचे इंजिन तेच, चासी तीच, रंग तोच. मग मूलभूत वैशिष्ट्य कोणते बदलले? याला उत्तर नोंदणी प्रमाणपत्रातच आहे. नव्या प्रमाणपत्रांवर ते वाहन कोणत्या उत्सर्जन मानकाचे आहे, याची नोंद असते. गाळणी काढलेले वाहन त्या मानकात बसत नाही; म्हणजे प्रमाणपत्रातील तपशील आणि प्रत्यक्ष वाहन यांत तफावत पडली. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो.

मालकाला पाच हजार, पण काढून देणाऱ्याला काय? '१८२ अ'चे पहिले पोटकलम उत्पादक, आयातदार आणि 'डीलर' यांच्यासाठी आहे. नियमबाह्य वाहन विकणे, देणे किंवा वाहनात तसा बदल करणे यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. वाचणारा म्हणेल, आमचा मेकॅनिक कुठे डीलर आहे? तो आहे. याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'डीलर' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वाहनांची दुरुस्ती करणारी व्यक्तीही येते. म्हणजे कायद्याच्या नजरेत म्हापशातील, मडगावातील वा बेळगावातील एका शटरचे गॅरेज आणि काचेच्या भिंतींची शोरूम एकाच पंक्तीला बसतात. मालकाच्या वीसपट दंड गॅरेजवाल्याला, हे प्रमाण तत्त्वतः योग्यच आहे. मालक एक गाडी बिघडवतो, गॅरेज शेकडो.

पण त्याच पोटकलमाला एक परंतुक जोडलेले आहे आणि तिथे सगळी हवा निघून जाते. वाहन कोणत्या प्रकारे नियमभंग करणारे आहे हे आपण समोरच्याला आधीच उघड केले होते, असे ज्याला सिद्ध करता येईल त्याला दोषी धरता येणार नाही. विक्रीच्या संदर्भात ही तरतूद समजण्यासारखी आहे. ग्राहकाची फसवणूक झाली नसेल तर विक्रेत्याला कमी दोष द्यावा, हा तिचा हेतू असावा. बदल करून देण्याच्या धंद्याला मात्र ती आयती पळवाट मिळते. इथे ग्राहक स्वतःच येऊन 'गाळणी काढ' म्हणतो; त्याच्यापासून लपवण्यासारखे असते तरी काय? गॅरेजवाल्याने पावतीवर 'मालकाच्या सूचनेवरून' एवढी ओळ लिहिली, की त्याला या परंतुकाआड उभे राहता येते. धुराने ज्याचे नुकसान होते तो तिसरा माणूस, म्हणजे मागून स्कूटरवर येणारा, या व्यवहारात पक्षकारच नसतो. संसदेने हे परंतुक लिहिताना ग्राहक आणि विक्रेता एवढीच दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवली असावीत.

राहते कलम १९०. त्याचे दुसरे पोटकलम अधिक रुंद आहे, कारण बदल कोणी केला हा प्रश्नच ते विचारत नाही. हवेच्या व आवाजाच्या प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी जो चालवील किंवा चालवू देईल, त्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र. २०१९ पूर्वी हाच दंड पहिल्यांदा एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार होता. गोव्यात वाढीव दंडाची अंमलबजावणी बरीच रेंगाळली आणि ती एप्रिल २०२२ पासून सुरू झाली. पीयूसी नसल्याबद्दलची कारवाईही व्यवहारात याच पोटकलमाखाली होते. मालकाला कारावासाची भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही. हे दोन्ही गुन्हे, म्हणजे १९० चे दुसरे पोटकलम आणि १८२ अ चे चौथे, कलम २०० प्रमाणे रक्कम भरून जागच्या जागी मिटवता येणाऱ्यांच्या यादीत आहेत. सहा महिन्यांची शिक्षा पुस्तकात राहते, रस्त्यावर राहते ती पावती.

पावती तरी कधी फाडायची? त्यासाठी गाळणी काढली आहे हे कुणाला तरी दिसले पाहिजे. आणि सगळी गोम इथे आहे.

आपली पीयूसी चाचणी काय मोजते ते पाहा. पेट्रोल गाडी उभी असताना, इंजिन मंद गतीत चालू ठेवून, धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजले जाते. भारत स्टेज ४ च्या मोटारीला मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टर काढलेली पेट्रोल गाडी इथे अडकण्याची बरीच शक्यता असते, अर्थात नळी खरोखर धुरात घातली तर. डिझेलची कथा वेगळी. तिथे न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबून धुराची अपारदर्शकता मोजतात, म्हणजे धूर किती काळा आहे ते पाहतात. भारत स्टेज ४ ला १.६२ आणि ६ ला ०.७ असा त्याचा निर्देशांक आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजलीच जात नाहीत. म्हणजे ईजीआर बंद करून टाकला, युरियाची यंत्रणा निकामी केली, तरी पीयूसी यंत्राला त्याचा पत्ता लागण्याचा मार्गच नाही. कारण त्या दोन्ही यंत्रणा ज्या वायूसाठी बसवल्या आहेत त्याच्याकडे ते पाहतच नाही. उलट ईजीआर बंद केल्यावर धुरातली काजळी बऱ्याचदा थोडी कमीच होते. नियम मोडणारी गाडी नियम पाळणाऱ्या गाडीपेक्षा या चाचणीत अधिक गुण मिळवू शकते!

गाळणी काढलेल्या गाडीचे काय? इंजिन चांगल्या स्थितीत असेल आणि प्रोग्राम बदलणारा हुशार असेल, तर नव्या डिझेल इंजिनाचा धूर डोळ्यांना फारसा काळा दिसत नाही आणि अपारदर्शकता मोजणाऱ्या यंत्रालाही दिसत नाही. ही यंत्रे मुळात धूर ओकणाऱ्या जुन्या ट्रकांसाठी बनलेली. डीपीएफ अडवते ते कण इतके सूक्ष्म असतात की ते मोजायला वजन किंवा काळेपणा पुरत नाही. म्हणूनच भारत स्टेज ६ मध्ये कणांच्या वजनाबरोबर त्यांच्या संख्येचीही मर्यादा घातली गेली. गाडी कारखान्यातून बाहेर पडते ती कण मोजणाऱ्या प्रयोगशाळेची परीक्षा देऊन, आणि पुढची पंधरा वर्षे तिची परीक्षा घेतली जाते ती तीस वर्षांपूर्वीच्या धुराच्या मापाने.

यात चाचणी प्रामाणिक आहे असे गृहीत धरले आहे. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक सोडणाऱ्या १.०८ लाखांहून अधिक वाहनांना पीयूसी प्रमाणपत्र दिले गेल्याची नोंद आहे. यंत्राने नापास केले तरी कागदाने पास केले. सर्वाधिक न्यायालयीन देखरेख असलेल्या शहराची ही गत, तर पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या इतर ठिकाणच्या केंद्रांबद्दल वेगळे काय सांगावे? याच दिल्लीत गेली अनेक वर्षे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचा खेळ चालला आहे. गाडीचे वय मोजायला सोपे असते, तिचा धूर मोजायला कठीण. म्हणून निगा राखलेली जुनी गाडी भंगारात जाते आणि पोकळ गाळणीची तीन वर्षांची गाडी तिच्या शेजारून ऐटीत निघून जाते.

आपल्याकडील पोलिसांची कारवाई बघितली तर ती जवळपास सारी दुचाकींच्या सायलेन्सरवर केंद्रित असते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवण्याची छायाचित्रे आपण वरचेवर छापतो. किनारी भागातील रहिवाशांना रात्री-अपरात्री त्या फटफटीचा जो जाच होतो तो खराच आहे, आणि काही दुचाकींत सायलेन्सरबरोबर कन्व्हर्टरही जातो, त्यामुळे ही कारवाई अगदीच अस्थानी नाही. पण ती होते कारण आवाज ऐकू येतो. ज्या बदलाचा आवाज नाही, ज्याचा धूर दिसत नाही, त्याच्यासाठी रोडरोलर कधीच बाहेर पडत नाही.

वापरलेल्या गाड्यांचा बाजार हा या प्रश्नाचा आणखी एक कोपरा. दुसऱ्या राज्यातून आलेली, स्वस्तात मिळालेली डिझेल गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाने तिच्या पोटातून काय काढून ठेवले आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो. १८२ अ चे चौथे पोटकलम 'बदल करणाऱ्या' मालकाला लागू होते. नवा मालक म्हणेल की मी काहीच बदलले नाही, आणि ते खरे असेल. जुना मालक म्हणेल की माझ्याकडे असताना सगळे जागेवर होते, आणि ते खोटे पाडणे कठीण असेल. शेवटी कलम १९० नव्याच्याच मानगुटीवर बसेल, कारण गाडी तो चालवतो. असाच निष्पापाला भुर्दंड पडण्याचा दुसरा प्रकार म्हणजे चोरी. पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे भाव चढले तशा वडोदरा, अहमदाबादपासून पुण्यापर्यंत मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या उघडकीस आल्या. गाडी जागेवर, तिच्या पोटातील कन्व्हर्टर गायब. मूळ भाग महाग म्हणून मालक साधी नळी बसवून घेतो आणि त्या क्षणी तो चोरीचा बळी असतानाच कायद्याच्या दृष्टीने नियमबाह्य बदल करणारा मालकही होतो. अशा माणसाने निदान पोलीस तक्रारीची प्रत गाडीत ठेवावी आणि विम्याचा दावा करून मूळ भागच बसवून घ्यावा.

मालक आणि गॅरेज यांच्याकडून हिशेब मागताना उत्पादकांना विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरती उत्सर्जन यंत्रणा नीट चालवणारा आणि रस्त्यावर ती सैल सोडणारा प्रोग्राम जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत होता. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आज जे करतो, तेच कंपनीने कारखान्यात केले होते. भारतात पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेने केलेल्या चाचण्यांत या गाड्यांचे रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादेहून अधिक आढळले, आणि कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. त्यावर पुढे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. अमेरिकेत त्याच कंपनीला ग्राहकांच्या गाड्या परत घेण्यासह झालेल्या २०१६ च्या तडजोडीत १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तजवीज करावी लागली. आपल्या कायद्यात तोवर सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूदच नव्हती. ती २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि उत्पादकाच्या कसुरीला शंभर कोटींपर्यंतच्या दंडाची जोड मिळाली.

इतरत्र काय करतात? अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने यंत्रणा काढणाऱ्या उत्पादकाला वा विक्रेत्याला वाहनामागे २५ हजार डॉलर आणि इतर व्यक्तीला २,५०० डॉलर अशी मूळ दंडमर्यादा घातली. महागाईच्या हिशेबाने ती पुढे वाढत गेली. पण तिथेही दंडाच्या आकड्याने सारे साधले नाही. त्यांच्याच पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला, की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील यंत्रणा काढली गेली होती. कॅलिफोर्नियाने जुलै २०२१ पासून तपासणीच्या वेळी गाडीच्या संगणकातील प्रोग्राम मूळचा आहे की बदललेला, हे पाहायला सुरुवात केली. ब्रिटनने २०१४ पासून वार्षिक तपासणीत एक साधी अट घातली: कारखान्यातून डीपीएफ लावून आलेल्या गाडीत ते दिसले नाही, तर गाडी नापास. लवकरच लोक रिकामा डबा परत वेल्ड करून लावू लागले, म्हणून तेवढ्याने भागत नाही हेही तिथे दिसून आले. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये नियतकालिक तपासणीत कण मोजणारे यंत्रच आणले. गाडी उभी, इंजिन चालू, नळी धुरात आणि काही मिनिटांत निकाल. गाळणी पोकळ असेल तर आकडा लपत नाही.

आपल्याकडे असे यंत्र प्रत्येक पीयूसी केंद्रावर बसवणे लगेच जमणार नाही, आणि मानके बदलण्याचा अधिकार केंद्राचा आहे, गोवा सरकारचा नाही. तरी राज्याच्या हाती काहीच नाही असे म्हणता येणार नाही. पीयूसी केंद्रांना मान्यता राज्याचे वाहतूक खाते देते. भारत स्टेज ६ च्या प्रत्येक गाडीत बिघाडाची नोंद ठेवणारी ओबीडी यंत्रणा असते आणि तिला जोडून माहिती वाचणारे उपकरण आज कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये सापडते. ज्या साधनाने मेकॅनिक दिवा विझवतो, त्याच जातीचे साधन निरीक्षकाच्या हाती का नसावे? व्यावसायिक वाहनांची योग्यता तपासणी होते तेव्हा, पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत आणि मालकी हस्तांतराच्या वेळी ही जोडणी करून पाहता येईल. हस्तांतरावेळी तपासले, तर नव्या मालकाची फसवणूकही टळेल. कलम ५३ खाली, नियमांत न बसणाऱ्या वाहनाची नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला आहेच. पाच हजारांची पावती फाडून तीच गाडी तशीच घरी पाठवण्यापेक्षा, यंत्रणा पुन्हा बसवून दाखवेपर्यंत नोंदणी स्थगित ठेवणे मालकाला अधिक महागात पडेल. मग मेकॅनिकच्या स्वस्त सौद्याचा हिशेब त्याला नव्याने मांडावा लागेल.

याच्या जोडीला, दुरुस्ती परवडण्याजोगी करण्याचा प्रश्न उत्पादकांसमोर ठेवावा लागेल. डीपीएफ आणि त्याच्याशी निगडित भागांवर इंजिनाइतकीच दीर्घ हमी देणे, तुंबलेली गाळणी बदलण्याआधी ती साफ करून देण्याची सोय अधिकृत केंद्रांत माफक दरात ठेवणे, आणि रोजचे अंतर कमी असलेल्या गिऱ्हाइकाला डिझेल गाडी विकताना तसे स्पष्ट सांगणे, यांपैकी काहीच अशक्य नाही. सध्या ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी पिवळा दिवा लागताच गॅरेज गाठण्याआधी एकदा गाडी मोकळ्या महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवून पाहावी. अनेकदा तेवढ्याने गाळणीतील काजळी जळून जाते आणि दिवा आपोआप विझतो. वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरण्याआधी शंभर-दीडशे रुपयांची पीयूसी पाहण्यावर समाधान न मानता अधिकृत केंद्रातून डीपीएफ व ईजीआर जागेवर असल्याचे लेखी घ्यावे आणि तशी ओळ विक्रीच्या करारात घालून घ्यावी.